सरासरीचा नळ

मापकाकांनी नळांना शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली, तेव्हाच काकूंनी ओळखलं की नवा नळ काही लवकर बसत नाही.

मापकाका हे त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर गल्लीने त्यांना ते बहाल केलं होतं, आणि खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. नोकरीत असताना ते बाजारात शिरले की या टोकाचा तराजू थरथरायचा आणि त्या टोकाच्या दुकानदाराला अचानक घरचं काम आठवायचं. तेलाच्या लिटरात चमचाभर तेल कमी भरलं तरी मापकाकांच्या नजरेतून सुटत नसे. निरोप समारंभात सहकारी त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होते. काकांनी आधीच सांगून ठेवलं की मला शिक्का मारलेलं एक लिटरचं पितळी माप द्या. ते माप आता बैठकीच्या खोलीत, लोक जिथे फुलदाणी ठेवतात तिथे असे.

घरी बसल्यावर माणूस काहीतरी मोजणारच. काका सुरुवातीला डाळ मोजू लागले. काकूंनी एका दुपारी डब्याचं झाकण त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "इथे नको." त्यावर काकांनी स्वयंपाकघरातलं आपलं कार्यक्षेत्र नळापुरतं मर्यादित केलं.

नळ जुना होता. डावीकडे गरम पाण्याची गोल चावी, उजवीकडे थंड पाण्याची, मध्ये बगळ्यासारखी मान. गेल्या वर्षापासून काकूंची बोटं सांध्यांत सुजू लागली आणि त्या गोल चाव्या त्यांना फिरवता येईनात. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पिळायचं, आवळायचं काम बंद करायचं, आणि रोज सकाळी उठल्या उठल्या दहा मिनिटं कोमट पाण्याच्या धारेखाली हात धरायचे. आता कोमट पाण्यासाठी दोन्ही चाव्या पिळाव्या लागतात, हे डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार? तेव्हापासून घरात एक नवी हाक सुरू झाली. "अहो, नळ."

काका उठायचे, जायचे, नळ उघडायचे. दोन मिनिटांनी पुन्हा "अहो, नळ." मग बंद करायला जायचे. बंद करताना ते आधी साधा बंद करत आणि मग वरून एक शेवटचा पीळ देत. हा शेवटचा पीळ त्यांच्या तत्त्वाचा भाग होता. गळणारा नळ म्हणजे उघड उघड मापात मारलेली चोरी, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईंच्या अंगणातला नळ एकदा थेंब थेंब गळत होता, तर काकांनी त्याखाली पितळी माप ठेवून दिवसाचा हिशेब काढला आणि चिठ्ठी लिहून बाईंच्या दाराखालून सरकवली. बाईंनी नळ दुरुस्त केला. चिठ्ठीतल्या गुणाकाराची एक चूक लाल पेनाने सुधारून चिठ्ठीही परत पाठवली. त्यानंतर दोघांत नमस्कारापुरतंच बोलणं उरलं होतं.

काकूंच्या हाकांचीही काकांनी वही केली होती. तारीख, वेळ, कारण असे तीन रकाने. कारणाच्या रकान्यात पानभर "नळ, नळ, नळ" आणि खाली बेरीज. दिवसाला साधारण तेवीस हाका भरत. काकूंना वही ठाऊक होती. त्या तिच्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

नवा नळ घ्यायचा हे ठरून आठ महिने झाले होते. अगदी पहिल्याच आठवड्यात दोघं नळांच्या दुकानात गेली होती. एका भिंतीवर चाळीसेक नळ टांगलेले, एकालाही पाणी नाही. काकू भिंतीपाशी गेल्या, तीन नळांना हाताच्या पाठीने ढकलून पाहिलं आणि चौथ्याशी थांबल्या. त्याला दोन बाजूंना दोन छोट्या दांड्या होत्या. बोटाच्या मागच्या पेराने नुसतं ढकललं तरी दांडी पाव वळसा फिरून थांबत होती.

"हा चालेल," काकू म्हणाल्या.

"असा कसा चालेल? अभ्यास करावा लागेल," काका म्हणाले.

दुकान सांभाळणारी बाई हातात माहितीपत्रक घेऊन उभी होती. ती ते पुन्हा खणात ठेवायला निघाली. अशी गिऱ्हाइकं तिने पाहिली असावीत.

अभ्यास सुरू झाला. ओट्यातल्या भोकाचा व्यास मोजला. सिंकपासून नळाच्या तोंडाची उंची किती हवी, हे ठरवायला घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं आणि प्रेशर कुकर यांची सुनावणी झाली. मग काकांनी पुठ्ठ्याचे सहा नळ कापले, त्यांना दोऱ्याने दांड्या बांधल्या, आणि एकेक ओट्यावर चिकटवून काकूंना त्याखाली भांडी घासल्याचा अभिनय करायला लावला. काकूंनी दोन पुठ्ठ्यांखाली तशी भांडी घासली. तिसऱ्याला त्यांनी खरं पाणी लावलं आणि पुठ्ठ्याचं तोंड लोंबलं.

"हा गळतोय," त्या म्हणाल्या.

काकांनी तरीही तक्ता केला. उंचीला वीस गुण, मानेच्या फिरण्याला पंधरा, टिकाऊपणाला पंचवीस, असं करत शंभर. काकूंनी ढकललेला तो दोन दांड्यांचा नळ एक्केचाळीस गुणांवर नापास झाला. दोन दांड्या म्हणजे गळायच्या दोन जागा, असा शेरा काकांनी त्याच्यापुढे लिहिला. गरम-थंड पाणी पोटातच मिसळून एका तोंडाने देणारा, एकाच दांडीचा एक ऐटदार नळ ब्याऐंशी गुण मिळवून पहिला आला. मग त्याहून चांगला कुठे असेल का, हे पाहण्यात आणखी तीन महिने गेले.

खरं सांगायचं तर काका चालढकल करत होते. हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर ते कागदपत्रं काढून भांडले असते.

एके दिवशी सकाळी ते फिरायला गेले आणि वाटेत जुना सहकारी भेटला. गप्पांत पाऊण तास जास्त गेला. घरी आले तर काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर केलेले, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत आणि आपण ते जरा वेळ सांभाळतोय. चहाचं आधण ठेवलेलं नव्हतं. गॅस पेटलेला नव्हता.

"बसून का राहिलीस?"

"काही नाही. आत्ताच बसले."

काकांनी स्टुलाशेजारच्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून, घडी घालून झालं होतं. आत्ताच बसलेल्या माणसाचं वर्तमानपत्र असं दिसत नाही. त्यांनी नळ उघडला, काकूंनी हात धारेखाली धरले आणि डोळे मिटले. काकांना फार वाईट वाटलं. आठ महिने आपण नळांना गुण देत बसलो आणि आपली बायको पाण्यासाठी आपली वाट पाहत बसली, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. ते चप्पल न काढताच परत फिरले आणि दुकानात गेले.

दुकान अजून उघडायचं होतं. ते पायरीवर बसले.

बाईने कुलूप काढून त्यांना आत घेतलं आणि एक छापील कागद पुढे केला. गिऱ्हाइकाच्या घरचं पाणी कसं आहे, ते त्यात भरायचं होतं. एक ओळ होती: पाण्याचा जोर. पुढे तीन चौकटी: कमी, मध्यम, जास्त. काकांनी खिशातून वही काढली. त्यांनी जोर केव्हाच मोजून ठेवला होता. त्यांच्या घरी थंड पाणी रस्त्याखालच्या पाइपातून थेट येई, आणि त्याने पितळी माप पाच सेकंदांत भरत होतं. गरम पाणी माळ्यावरच्या लहानशा टाकीतून हीटरमध्ये आणि तिथून आपल्याच वजनाने रमतगमत खाली उतरे. त्याला तेच माप भरायला पंचवीस सेकंद लागत. पाच आणि पंचवीस, तीस. भागिले दोन, पंधरा.

काकांनी मध्यमवर खूण केली.

"दोन्हीकडून सारखंच येतं ना?" बाईने विचारलं.

"मी वजनमापांचा निरीक्षक होतो," काका म्हणाले. "मोजूनच आलोय."

प्रश्न काय होता आणि उत्तर काय दिलं, याचा विचार करायला बाईला वेळ नव्हता. मागे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. ब्याऐंशी गुणांचा नळ खोक्यात बंद होऊन काकांच्या हाती पडला.

नळ बसवायला आला तो वायसर. हा प्लंबर गल्लीत पंचवीस वर्षं काम करत होता, आणि काहीही बिघडलं तरी "वायसर गेलाय" असंच निदान करत असल्यामुळे त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. त्याने ओट्याखाली डोकं घातलं, जुना नळ सोडवला, चाव्या उघडून आतले भाग हातावर घेतले आणि उलटसुलट करून पाहिले.

"वायसर गेलाय ना?" काकांनी विचारलं.

"नाही साहेब. वायसर एकदम ठणठणीत आहेत." हे सांगताना त्याचाही चेहरा पडला होता. "नळाला आपणहून काहीच झालेलं नाही. कुणीतरी रोज आवळून आवळून त्याचे आटे पार चेपून टाकलेत. हा माझ्यानं सुटत नव्हता, काकूंच्या हाताला कुठून सुटणार? पैलवान ठेवलाय का घरी?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहू लागले. छतावर मोजण्यासारखं काही नव्हतं, तरी ते पाहत राहिले.

नवा नळ दिमाखात उभा राहिला. वायसरने ओट्याखालच्या तोट्या उघडल्या. काकूंनी हाताच्या पाठीने दांडी वर ढकलली, ती लोण्यासारखी उचलली गेली, आणि पाणी धो धो आलं. काकांनी घड्याळ लावलं. काकूंनी दांडी मध्यावर, म्हणजे कोमटावर आणली आणि हात खाली धरले.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

"येईल. पाइपातलं थंड निघून जाऊ दे."

दोन मिनिटं गेली. "गारच आहे," काकू म्हणाल्या. दांडी आणखी डावीकडे ढकलली, तरी गार. वायसरने गरमचा पाइप चाचपला. तोही गार होता, आणि त्यातून पाणी चाललेलं हाताला जाणवत होतं. फक्त कुठे चाललंय ते कळत नव्हतं.

ते कळलं दाराची घंटा वाजली तेव्हा. दारात गणिताच्या बाई उभ्या होत्या. बाहेर कडकडीत ऊन आणि बाईंच्या डोक्यावर उघडलेली छत्री. छत्रीच्या काड्यांवरून पाणी ठिबकून पायपुसण्यावर पडत होतं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या माळ्यावरच्या टाकीचा जादा पाण्याचा पाइप माझ्या दारावर निघतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सध्या तो वाहतोय. माप आणू का खाली ठेवायला?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाकी सगळीकडे पाणीच पाणी होतं. वायसर आत धावला, त्याने दांडी खाली दाबली, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. थंड पाणी पहिलवान, गरम पाणी मरतुकडं. दोघांना नळाच्या पोटात एकाच खोलीत कोंडलं. बारीक तोंडातून सगळं थंड पाणी निघेना, तेव्हा ते गरम पाण्याच्या पाइपात घुसलं, त्याला उलटं रेटत हीटरमधून माळ्यावर चढलं, टाकी भरली आणि तिथून बाईंच्या डोक्यावर.

"पण मी मोजलं होतं," काका म्हणाले आणि त्यांनी वही पुढे केली. बुडत्या माणसाने ओळखपत्र दाखवावं तसा त्यांचा आविर्भाव होता.

बाईंनी छत्री मिटली, चष्मा लावला आणि पान वाचलं. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात पदराला खोचलेल्या पेनाकडे गेला.

"बेरीज बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "भागाकारही बरोबर आहे. पण साहेब, सरासरी काढलीत कशाला? वर्गातल्या सगळ्या मुलांच्या पायांची सरासरी काढून एकाच मापाचे बूट आणले, तर ते कुणाला होतील? हे पंधरा सेकंदवालं पाणी तुमच्या घरात कुठल्या पाइपातून येतं?"

काकांनी वही परत घेतली आणि पंधराच्या आकड्यावर बोट ठेवलं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांची खोटी मापं पकडली होती. आज पहिल्यांदा त्यांनी स्वतःला पकडलं होतं, आणि तेसुद्धा अशा पाण्याबद्दल जे कुठेच नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या घरात तेवढंच काय ते गरम होतं.

"गरम हळूच येतं आपल्याकडे," काकू आतून म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. बत्तीस वर्षं ऐकतेय मी ते."

"मग आता?" काकांनी वायसरला विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

वायसर म्हणाला की असल्या घरांसाठी वेगळा नळ असतो. बाहेरून मान एकच, पण आत दोन वाटा. गरम आपल्या वाटेने, थंड आपल्या, आणि भेट थेट तोंडाशी, बाहेर पडताना. तिथे कुणी कुणाला मागे रेटू शकत नाही. "दोन बाजूंना दोन छोट्या दांड्या असतात बघा. पाव वळसा फिरतात."

काका वहीची पानं उलटत मागे गेले. एक्केचाळीस गुण. शेरा: गळायच्या दोन जागा. त्यांनी ते पान काकूंच्या नजरेस पडू नये म्हणून वही छातीशी धरली. काकूंना पान बघायची गरजच नव्हती. त्या गणिताच्या बाईंना पुसायला पंचा देत होत्या आणि दोघी खुदुखुदु हसत होत्या. शेवटी काकांनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनी बाईंची माफी मागितली, आणि बाईंनी ती पूर्ण गुण देऊन स्वीकारली.

दुपारी दुकानातल्या बाईने एक शब्द न बोलता नळ बदलून दिला. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस गुणांचा नळ ओट्यावर उभा होता. काकांनी तो स्वतः उघडून पाहिला, बंद केला आणि सवयीने वरून शेवटचा पीळ द्यायला गेले. दांडी पाव वळशावर थांबली. पुढे फिरायची सोयच नव्हती. काका थोडा वेळ ती दांडी धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते फिरून आले तेव्हा चहा झाला होता. काकूंचे हात कोमट पाण्यातून निघून कोरडेही झाले होते, आणि त्या एका हाताने कपबशी उचलत होत्या. काकांना आनंद झाला. खरोखरच झाला. ते पेपर घेऊन बैठकीच्या खोलीत बसले, समोर वही ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं.

नऊ वाजले. दहा वाजले. आतून नळ उघडल्याचा, बंद झाल्याचा, पुन्हा उघडल्याचा आवाज येत होता. भांडी वाजत होती. हाक काही आली नाही. अकराला काका उगाच आत जाऊन पाणी पिऊन आले. दुपारी पुन्हा गेले. काकूंनी विचारलं, "काही हवंय का?" तर म्हणाले, "नाही, नळ बघत होतो." खुर्चीत परत येऊन बसल्यावर त्यांनी वहीतली मागची भरलेली पानं चाळली. बाजारातले तराजू आता त्यांना घाबरत नव्हते, डाळीचा डबा हातातून गेला होता. दिवसातून तेवीस वेळा कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय, एवढी एकच नोकरी त्यांच्याकडे उरली होती, आणि तीही त्यांनी आपल्या हाताने घालवून टाकली होती. नळ आठ महिने का निवडला जात नव्हता, हे त्यांना आता कुठे कळलं. तो शेवटचा पीळ नेमका कशासाठी होता, याबद्दलही त्यांना पहिल्यांदाच शंका आली. ती शंका काही चांगली नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दिवेलागणीला आतून आवाज आला.

"अहो."

काका असे उठले की एक चप्पल खुर्चीखालीच राहिली. काकू सिंकपाशी उभ्या होत्या. नळ चालू होता, धार सरळ होती, थेंबही इकडेतिकडे नव्हता.

"काय झालं? गळतोय?"

"नाही."

"मग गरम येत नाहीये?"

"येतंय की. छान येतंय." काकू त्यांच्या हातातल्या वहीकडे पाहत होत्या. "आज एकही लिहिली नसेल ना? म्हटलं, पान कोरं राहायला नको. एक लिहा."

काकांनी वही ओट्यावर उघडली. तारीख लिहिली. घड्याळात पाहून वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्याशी पेन थांबलं.

"कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"कारण कशाला हवं?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी हाताच्या पाठीने नळ बंद केला.